पहिला कट : नवशिक्यांनी व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर कसं निवडावं

व्हिडिओ एडिटिंग शिकायचं मनावर घेतलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो सॉफ्टवेअरचा. कोणतं घेऊ, सोपं कोणतं, फुकट कोणतं? प्रश्न रास्त आहेत. पण त्यांची उत्तरं ‘सर्वोत्तम दहा’ छापाच्या याद्यांत शोधायला गेलं की गोंधळ वाढतो, कारण सोपेपणाच्या नावाखाली बाजारात दोन अगदी वेगळ्या गोष्टी मिळतात. एक प्रकार तुमच्या वतीने सगळं ठरवून टाकणारा. क्लिपा निवडा, टेम्प्लेट निवडा, गाण्याच्या ठेक्यावर सगळं कापून, चकाकी लावून हातात. दुसऱ्या प्रकारात ठरवायचं तुम्हीच, मात्र ठरवलेलं पडद्यावर उतरवताना वाटेत फारसं काही आडवं येत नाही. पहिल्या प्रकारातून व्हिडिओ मिळतो, दुसऱ्यातून संकलन येतं. हे पुस्तक दुसऱ्या प्रकाराची बाजू घेऊन लिहिलेलं आहे, आणि ही प्रस्तावना त्याची कारणं सांगण्यासाठी.

एक उदाहरण धरून बोलू. समजा, पेणमधल्या एका गणपतीच्या कारखान्यात एक मुलगा मोबाइल घेऊन उभा आहे. त्याचे काका शाडूच्या मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करताहेत. मुलाने तासभराचं चित्रण केलं आहे : माती मळताना, साच्यातून मूर्ती निघताना, रंगाच्या वाट्या, फळ्यांवर वाळत ठेवलेल्या मूर्तींच्या रांगा आणि सगळ्यात शेवटी आखणी. त्याला यातून चार मिनिटांची फिल्म करायची आहे. टेम्प्लेटच्या हवाली केलं तर दर दीड-दोन सेकंदांनी कट पडेल, कारण गाण्याचा ठेका तसा आहे. भुवईची रेघ मात्र ठेक्यावर उतरत नाही. कारागीर हात टेकवतो, थांबतो, मग एका दमात ती ओढतो. तो दम बघणाऱ्याला जाणवायचा असेल तर रेघ सुरू होण्याआधीचा थांबलेला हात दिसला पाहिजे आणि रेघ पुरी होईपर्यंत कट येता कामा नये. हे कळायला कारखाना माहीत असावा लागतो. तो त्या मुलाला माहीत आहे, सॉफ्टवेअरला नाही. त्याला साधन हवं ते एक फ्रेम मागे, दोन फ्रेम पुढे सरकून पाहू देणारं, आणि पाहून झाल्यावर मत बदलू देणारं.

पुढचा प्रश्न क्रमाचा. रेघ पुरी झाल्यावर आधी काकांचा चेहरा दाखवायचा की मूर्तीचा? मूर्तीचे उघडलेले डोळे आधी दाखवून लगेच काकांचा चेहरा दाखवला, तर मूर्तीच त्यांच्याकडे बघते आहे असं वाटेल. उलट केलं तर काका आपलं काम तपासताहेत असं वाटेल. चित्रण तेच, क्रम बदलला की अर्थ बदलतो. पहिल्या महायुद्धानंतरच्या रशियात चित्रपट-दिग्दर्शक लेव कुलेशोव्ह यांनी हेच दाखवलं. एका नटाचा एकच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या दृश्यांना जोडला, तर प्रेक्षकांना तो दर वेळी वेगळा अभिनय करतोय असं वाटलं. शंभर वर्षं झाली तरी संकलनाचा पाया हाच आहे, आणि तो शिकायला जे लागतं ते जवळपास प्रत्येक फुकट सॉफ्टवेअरमध्ये असतं : दोन क्लिपा शेजारी ठेवायच्या, त्यांची टोकं कमी-जास्त करायची, क्रम उलटायचा, पुन्हा बघायचं.

साधनाला आपण जरुरीपेक्षा जास्त मान देतो असं मला वाटतं ते यामुळेच. संकलक वॉल्टर मर्च यांचं उदाहरण घ्या. फिल्मच्या पट्ट्या कापण्यापासून त्यांनी सुरुवात केली. पुढे ‘द इंग्लिश पेशंट’ हा १९९६चा चित्रपट त्यांनी अ‍ॅव्हिड या संगणकावरच्या संकलन-यंत्रणेवर पुरा केला आणि त्याच्या संकलनाला ऑस्कर मिळालं. २००३चा ‘कोल्ड माउंटन’ त्यांनी फायनल कट प्रो या तेव्हा हजार डॉलरच्या आत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केला. यंत्रं बदलत गेली. कट कुठे मारायचा याबद्दलचं त्यांचं मत मात्र ठाम राहिलं : सगळ्यात आधी भावना, मग गोष्ट, मग लय, बाकीच्या तांत्रिक जुळण्या त्याच्या नंतर. नवशिक्याने या क्रमाची चिठ्ठी टेबलासमोर चिकटवावी, असं मी आग्रहाने सांगतो.

आपल्याकडे हे काम घरातूनच सुरू झालं, याचीही आठवण ठेवावी. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणि फिल्मला छिद्रं पाडण्याचं यंत्र घेऊन आले. कच्ची फिल्म छिद्रांविना यायची. ती अंधारात यंत्रावर चढवून छिद्रं पाडायची, चित्रण झालं की रसायनांत धुवायची, ही कामं त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फाळके शिकल्या आणि घर सांभाळत त्यांनी ती केली. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला तो दादरच्या घरातल्या या खटपटीतून. पुढे पुण्यात प्रभातच्या आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि संकलन रीतसर शिकवलं जाऊ लागलं. ‘परिंदा’ कापणाऱ्या रेणू सलुजा तिथेच शिकल्या. त्या पिढीचा कट हाताने व्हायचा. पट्टी प्रत्यक्ष कापायची, चिकटपट्टीने जोडायची, पटलं नाही तर सोडवून पुन्हा जोडायची. चार फ्रेम उडवल्या तर त्या जपून टांगून ठेवायच्या, न जाणो परत लागल्या तर. त्या कष्टाने एक चांगली सवय लागत होती : कापण्याआधी बघायचं, पुन्हा पुन्हा बघायचं.

मग व्हिडिओ कॅसेट आली आणि लग्नाच्या शूटिंगबरोबर गावोगाव ‘मिक्सिंग’ची दुकानं निघाली. एका कॅसेटवरून दुसरीवर उतरवत जायचं, हे त्या वेळचं संकलन. मधला एक शॉट वाढवायचा म्हटलं की त्याच्या पुढचं सगळं पुन्हा उतरवावं लागे आणि प्रत्येक प्रतीत चित्र आणखी पुसट होई. वरमाईचा राग ओढवण्यापेक्षा शॉट तसाच ठेवलेला परवडायचा. संगणकाने ही अडचण मुळातून दूर केली. १९८९ मध्ये अ‍ॅव्हिड आलं, १९९९ मध्ये अ‍ॅपलचं आयमूव्ही, आणि २००० मध्ये विंडोज मी सोबत मूव्ही मेकर. आपल्याकडच्या किती तरी लोकांनी आयुष्यातला पहिला कट या मूव्ही मेकरवर मारला. मायक्रोसॉफ्टने ते जानेवारी २०१७ मध्ये बंद केलं. मिक्सिंगच्या दुकानांत एडियस हे सॉफ्टवेअर स्थिरावलं ते आजवर कित्येक ठिकाणी तसंच आहे. कुठेही कापा, कुठेही घाला, मूळ चित्रणाला धक्का नाही : संगणकाने दिलेली ही सोय आज खिशातल्या फोनमध्येही आहे. बाकी सगळे इफेक्ट या एका सोयीपुढे किरकोळ आहेत.

तेव्हा सॉफ्टवेअरचं नाव ठरवण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. हातात कोणतं यंत्र आहे आणि चित्रण कसलं आहे. बहुतेकांची निराशा इथे होते आणि दोष मात्र सॉफ्टवेअरला जातो.

चित्रणाचं आधी पाहू. २०१७ नंतरचे आयफोन आणि आता पुष्कळसे अँड्रॉइड फोनही चित्रण एचईव्हीसी या पद्धतीने दाबून साठवतात. त्यामुळे फाइल लहान राहते, पण ती उलगडून दाखवताना जुन्या लॅपटॉपला घाम फुटतो. आयफोनवर साधं एचडी चित्रण मिनिटाला सुमारे ६० एमबी घेतं, तेच फोर-के केलं की सुमारे १७० एमबी. म्हणजे पेणच्या त्या मुलाने तासभर फोर-के चित्रण केलं असेल तर दहा जीबी गेले. व्हिडिओ शेवटी लोकांच्या फोनवरच बघितला जाणार असेल तर सुरुवातीला एचडीत चित्रण करा, फोर-केचा मोह आवरा. फोर-केच हवं असेल किंवा तसं चित्रण आधीच हातात असेल, तर ‘प्रॉक्सी’ची सोय असलेलं सॉफ्टवेअर निवडा. त्यात मूळ फाइलची एक हलकी प्रत तयार होते, तुम्ही त्या प्रतीवर काम करता आणि शेवटचा व्हिडिओ बाहेर काढताना सॉफ्टवेअर मूळ फाइल वापरतं. शॉटकट, केडेनलाइव्ह, दाविंची रिझॉल्व्ह या तिन्हींत ही सोय फुकट आहे. आठ जीबी मेमरीच्या लॅपटॉपवर काम करणाऱ्याने तिची ओळख पहिल्याच आठवड्यात करून घ्यावी.

दुसरी अडचण दिव्यांची. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा उजळतात-मंदावतात. डोळ्यांना ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. फोन सेकंदाला ३० फ्रेमच्या हिशोबाने चालतो. शटर १/६० वर गेलं की दिव्यांची लय आणि कॅमेऱ्याची लय जुळत नाही आणि चित्रावर काळे पट्टे सरकत राहतात. शटर १/५० किंवा १/१०० वर बांधून ठेवलं की पट्टे जातात. बऱ्याच फोनच्या ‘प्रो’ मोडमध्ये ते करता येतं. हे संकलनाच्या पुस्तकात मुद्दाम सांगतो, कारण ‘एडिटिंगमध्ये काढू’ म्हणून सोडलेला हा दोष नंतर सहज निघत नाही. रिझॉल्व्हमध्ये त्याच्यासाठी हत्यार आहे, पण ते पैसे भरून घ्यायच्या आवृत्तीत.

तिसरी अडचण जास्त छळते. फोन ३० फ्रेम म्हणतो, पण उजेड आणि ताण बघून फ्रेमचा वेग थोडा कमी-जास्त करत राहतो. लांब मुलाखत संगणकावर घेतली की सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळलेले असतात आणि दहाव्या मिनिटाला आवाज मागे पडलेला असतो. नवशिक्याला वाटतं, आपलंच काही तरी बिनसलं. शॉटकट अशी फाइल ओळखून ती संकलनाला सोयीची करून देऊ का, असं स्वतः विचारतं. मी त्याची शिफारस वारंवार करतो त्यामागे हे मोठं कारण आहे. इतर ठिकाणी हँडब्रेक या फुकट साधनाने फाइल आधी स्थिर वेगाची करून घ्यावी.

आणि चित्रण दुसऱ्याकडून मागवणार असाल तर व्हॉट्सअ‍ॅपवर ते व्हिडिओ म्हणून नव्हे, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. नाही तर वाटेतच त्याचा जीव जातो.

आता नावं. फोनवरच काम करायचं असेल तर व्हीएन हे मला नवशिक्यासाठी सगळ्यात सरळ वाटतं. टाइमलाइन स्वच्छ आहे, आवाजाचे वेगळे थर मिळतात आणि व्हिडिओवर शिक्का उमटत नाही. इनशॉट, काइनमास्टर यांच्या फुकट आवृत्त्या व्हिडिओवर आपलं नाव उमटवतात. काइनमास्टरमध्ये थरांवर थर लावायची सोय उत्तम आहे, पैसे भरायची तयारी असेल तर ते जरूर घ्यावं. अमेरिकेतला किंवा दुबईतला भाऊ तुम्हाला कॅपकट घे म्हणून सांगेल. ते बाइटडान्सचं आहे, २०२० मध्ये बंदी आलेल्या टिकटॉकच्याच कंपनीचं, आणि भारतात अधिकृतपणे मिळत नाही. कुठल्या तरी साइटवरून त्याची एपीके फाइल उतरवून बँकेचे व्यवहार असलेल्या फोनमध्ये घालू नका.

फोनच्या संकलनाला कमी लेखायचं कारण नाही. उभे, मिनिट-दीड मिनिटाचे व्हिडिओ करणाऱ्या शिक्षकाला, बचत गटातल्या ताईला, शेतातल्या ठिबकची दुरुस्ती दाखवणाऱ्या शेतकऱ्याला फोन पुरेसा आहे. बोटाने क्लिप ओढताना हात लवकर बसतो. अडतं ते चित्रण वाढलं की. तासाभराच्या साठ-सत्तर क्लिपा सहा इंचांच्या पडद्यावर नजरेत मावत नाहीत, आणि न मावलेलं विसरलं जातं. पेणच्या मुलाला म्हणूनच मी संगणकाकडे वळायला सांगेन.

विंडोज अकरा असेल तर क्लिपचँप आयतंच मिळतं. मायक्रोसॉफ्टने ते २०२१ मध्ये विकत घेतलं. फुकटात एचडीपर्यंतचा व्हिडिओ शिक्क्याशिवाय बाहेर काढता येतो, मायक्रोसॉफ्टचं खातं तेवढं लागतं. शाळेच्या संगणकावर काही बसवायची परवानगी नसते तिथे ते कामी येतं. पण बारीक कामात ते लवकर तोकडं पडतं. शॉटकट दिसायला रुक्ष आहे, पहिल्या दिवशी थोडं परकं वाटतं, आणि तरीही साध्या विंडोज लॅपटॉपवर शिकणाऱ्याला मी तेच सुचवतो. ते मुक्त सॉफ्टवेअर आहे, खातं मागत नाही, शिक्का मारत नाही, कुठलंही बटण दाबल्यावर ‘हे पैसे भरून मिळेल’ अशी पाटी पुढे येत नाही. शिकणाऱ्याचं लक्ष वारंवार मोडणारी ती पाटी हा सोपेपणाचा खरा शत्रू आहे. ओपनशॉट त्याहून सोपं दिसतं, मोठ्या कामात माझा त्याच्यावर तेवढा विश्वास नाही. केडेनलाइव्ह २००२ पासून वाढत आलेलं आहे आणि लिनक्स वापरणाऱ्यांचं आवडतं.

मॅक असेल तर आयमूव्हीपासून सुरुवात करावी, दुसरा विचार नको. त्याच्या मर्यादा उघड आहेत, चित्राचे दोनच थर मिळतात आणि उभ्या व्हिडिओसाठी ते बनलेलं नाही. मात्र आडवी, गोष्ट सांगणारी फिल्म करायला शिकताना या मर्यादा उपकारक ठरतात.

दाविंची रिझॉल्व्हबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण उत्साही मुलं थेट तिथेच उडी घेतात. मुळात हे चित्रपटांच्या रंगसंस्काराचं महागडं यंत्र. ब्लॅकमॅजिक डिझाइन या ऑस्ट्रेलियन कंपनीने २००९ मध्ये ते घेतलं आणि पुढे त्याची फुकट आवृत्ती काढली. या आवृत्तीत फोर-के दर्जापर्यंतचं काम होतं आणि शिक्का नसतो. इतकं समर्थ साधन फुकट मिळणं ही आपल्या पिढीची मोठी चैन आहे. पण ते सोळा जीबी मेमरी आणि बरं ग्राफिक्स कार्ड मागतं. आठ जीबीच्या लॅपटॉपवर ते उघडेल, चालणार नाही. यंत्र ताकदीचं असेल आणि या कामात पुढे जायचा विचार पक्का असेल, तर पहिल्यापासून रिझॉल्व्ह शिकायला हरकत नाही. फक्त सुरुवात त्यातल्या ‘कट’ पानावर करावी. २०१९च्या सोळाव्या आवृत्तीत आलेलं हे पान भराभर कच्चं संकलन करण्यासाठीच आहे. फ्युजन, कलर, फेअरलाइट ही पानं काही महिने उघडूच नयेत.

फिल्मोरा दिसायला गोड आहे, शिकायला हलकं आहे, पण फुकट आवृत्तीतून व्हिडिओ बाहेर काढला की शिक्का येतो. आठवडाभर काम करून झाल्यावर हे कळलं तर फार लागतं. कोणतंही सॉफ्टवेअर घेतल्यावर दहा सेकंदांचा एक तुकडा आधी बाहेर काढून बघावा, मगच पुढचं काम मांडावं. प्रीमिअर प्रोचं भाडं महिन्याचं किंवा वर्षाचं असतं. ते भरणं थांबलं की आपलेच जुने प्रोजेक्ट उघडता येत नाहीत. यावरचा तोडगा म्हणून क्रॅक केलेली प्रीमिअर पेनड्राइव्हवर घरोघर फिरते. तिच्यातून येणारे व्हायरस हा एक धोका झाला. मला त्याहून खटकतं ते हे की सरळ मार्गाने उत्तम साधन फुकट मिळत असताना चोरीच्या मालावर शिकायला सुरुवात व्हावी.

मराठीत काम करणाऱ्याने एक परीक्षा घेतल्याशिवाय सॉफ्टवेअर पसंत करू नये. टायटल उघडा आणि लिहा : वऱ्हाड, कुऱ्हाड, स्त्री, हृदय, कीर्तिवंत, ज्ञानेश्वरी. जोडाक्षरं सुटी पडून पायमोडकी अक्षरं दिसू लागली, पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसली, वऱ्हाडातला र भलताच उमटला, तर त्या सॉफ्टवेअरला देवनागरी येत नाही. काही ठिकाणी ती येते पण झाकलेली असते. प्रीमिअरमध्ये ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडावा लागतो, त्याशिवाय जोडाक्षरं जुळत नाहीत. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटांत टाइप केलेला मजकूर चिकटवला तर चिन्हांची खिचडी मिळते, तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. फाँटांची आता चणचण नाही. मुंबईच्या एक टाइपने घडवलेले मुक्त आणि बलू हे दोन्ही फुकट आहेत आणि लहान पडद्यावर स्वच्छ वाचता येतात. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर तिरो देवनागरी मराठी घ्यावा. ते ल आणि श आपल्या डोळ्यांना शाळेपासून ओळखीचे आहेत, म्हणून मी त्यांचा हट्ट धरतो. आपोआप सबटायटल करून देणारी सोय असेल तर तीही आपल्याच बोलीवर तपासावी. पुस्तकी मराठी तिला जमेल, पेणच्या काकांची आगरी जमेलच असं नाही. जिथे जमणार नाही तिथे हाताने लिहावं, बोलणाऱ्याचा शब्द बदलू नये.

आवाजाकडे नवशिके शेवटी वळतात. माझं सांगणं, तिथूनच सुरुवात करा. चित्र थोडं हललं तर लोक सांभाळून घेतात, बोलणं नीट ऐकू आलं नाही तर व्हिडिओ सोडून जातात. म्हणून सॉफ्टवेअर तपासताना या गोष्टी बघा : चित्रापासून आवाज सुटा करता येतो का, आवाजाची लहर डोळ्यांना दिसते का, एका क्लिपच्या आतच आवाज हळूहळू चढवता-उतरवता येतो का, आणि आवाजाचे निदान तीन थर मिळतात का. एक बोलण्याचा, एक जागेच्या आवाजाचा, एक संगीताचा. जागेचा आवाज बहुतेकजण पुसून टाकून त्यावर गाणं घालतात. कारखान्यात माती थापटल्याचा आवाज असतो, कोपऱ्यातल्या रेडिओचा असतो, कुंचला पाण्यात खळबळल्याचा असतो. चित्र येण्याआधी सेकंदभर थापटण्याचा आवाज सुरू केला तर प्रेक्षक कारखान्याच्या दारात आधीच पोचलेला असतो. व्यवसायात याला जे-कट म्हणतात आणि शिकायला तो अर्ध्या तासाचा आहे. बाकी गाण्यांचं म्हणाल तर प्रसिद्ध गाणं लावलं की यूट्यूबची यंत्रणा ते ओळखते आणि हक्काचा दावा येतो. यूट्यूबच्याच ऑडिओ लायब्ररीत वापरायला मोकळं संगीत आहे.

आता ज्या गोष्टीने नवशिक्यांचे सर्वाधिक तास वाया जातात ती. संकलनाचं सॉफ्टवेअर तुमची क्लिप आपल्या पोटात घेत नाही. प्रोजेक्टच्या फाइलमध्ये फक्त सूचना असतात : अमुक फोल्डरमधली अमुक क्लिप, इतक्याव्या सेकंदापासून इतक्याव्या सेकंदापर्यंत, तिच्यानंतर तमुक. म्हणूनच मूळ चित्रणाला कधी धक्का लागत नाही आणि कितीही वेळा मत बदलता येतं. म्हणूनच पेनड्राइव्हवरच्या क्लिपा वापरून पेनड्राइव्ह काढून घेतला, फोल्डरचं नाव बदललं, डेस्कटॉप आवरला, की दुसऱ्या दिवशी टाइमलाइनवर लाल पट्ट्या आणि ‘फाइल सापडत नाही’. काम गेलेलं नसतं, वाट हरवलेली असते. प्रत्येक कामाला एक फोल्डर करा, त्यात चित्रण, आवाज, संगीत, फोटो आणि प्रोजेक्ट असं सगळं आधी आणून ठेवा, मगच सॉफ्टवेअर उघडा. त्या फोल्डरची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर असू द्या. पुस्तकाचं पहिलं प्रकरण संपूर्ण याच विषयावर आहे. ते कंटाळवाणं वाटलं तरी ओलांडू नका.

पहिल्या दिवशी शिकायचं किती? क्लिप आत घेणं, मधून कापणं, नको तो तुकडा काढल्यावर पुढचं आपोआप मागे सरकवून घेणं, आवाज कमी-जास्त करणं, एक टायटल आणि व्हिडिओ बाहेर काढणं. बस. बाहेर काढताना एमपी४, एच.२६४, एचडी आणि चित्रण ज्या वेगाचं आहे तोच फ्रेमचा वेग, एवढं लक्षात ठेवलं तर जवळपास सगळीकडे चालतं. संगणकावर असाल तर जे, के आणि एल या तीन कळा बोटांखाली आणा : मागे, थांब, पुढे. अ‍ॅव्हिडपासून प्रीमिअर, रिझॉल्व्ह, शॉटकटपर्यंत त्या सारख्याच चालतात, त्यामुळे सॉफ्टवेअर बदललं तरी हात तोच राहतो. क्रॉसफेड, उडती अक्षरं, फिरत येणारी चित्रं यांना पहिला महिना हात लावू नये. दोन क्लिपांमध्ये साधा कट खुपत असेल तर क्लिपांची निवड किंवा कापायची जागा चुकलेली असते. वरून ट्रान्झिशन घातलं की चूक झाकली जाते आणि शिकायचं राहून जातं.

एक ना एक दिवस पहिलं सॉफ्टवेअर अपुरं पडेल. ते कधी, याची खूण सोपी आहे : नेमकं काय करायचंय ते तुम्हाला स्पष्ट दिसतंय आणि सॉफ्टवेअरमध्ये ते करताच येत नाही. यूट्यूबवर कुणी दुसरं वापरतंय, ही ती खूण नव्हे. बदलताना हे माहीत असावं की प्रोजेक्ट एका ठिकाणाहून दुसरीकडे जसाच्या तसा जात नाही. संगणकावरची मोठी सॉफ्टवेअरं कटांची यादी एकमेकांना एक्सएमएल किंवा ईडीएल फाइलमधून देऊ शकतात, पण टायटलं, रंग, इफेक्ट बहुधा मागेच राहतात. फोनवरच्या अ‍ॅपांत तेवढीही सोय सहसा नसते. म्हणून चालू असलेलं काम जुन्याच सॉफ्टवेअरमध्ये पुरं करा आणि नवं काम नव्यात सुरू करा. प्रत्येक पुऱ्या झालेल्या कामाच्या फोल्डरमध्ये चार गोष्टी जपून ठेवा : मूळ चित्रण, सर्वांत चांगल्या दर्जात बाहेर काढलेला व्हिडिओ, अक्षरं न घातलेली त्याचीच एक प्रत आणि सबटायटलची एसआरटी फाइल. जुनं सॉफ्टवेअर बंद पडलं, कंपनीने भाडं वाढवलं, फोन बदलला, तरी एवढ्यावरून तोच व्हिडिओ दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या लांबीत पुन्हा करता येतो.